कानानं तोडायची क्रियापदं

चि. छकुली,


परवा तुझी फ्रेंचची वही चाळली. ‘ते बोलतात’च्या समोर तू ‘इल पार-लेंत’ असे तुकडे पाडले आहेस. ओळ संपताना शब्द तोडायचा, तर कागदावर तो तिथंच तुटतो. पण बोलताना एकच तुकडा उरतो, ‘पार्ल’. मी, तू, तो, ते – चौघांचं रूप कानाला सारखंच. वेगळी ऐकू येतात ती आम्हीचं ‘पार-लों’ आणि तुम्हीचं ‘पार-ले’.

आपणही ‘करतो’ अशी तीन अक्षरं लिहितो आणि ‘कर्-तो’ म्हणतो. जुन्या पुस्तकांत ‘घरें’, ‘मुलें’ यांवर अनुस्वार असायचा. देशावरच्या बोलण्यातून तो कधीच गेला होता, १९६२च्या लेखननियमांनी कागदावरूनही गेला. फ्रेंचांनी आपला न बोलायचा ‘एंत’ ठेवला, इतकंच. मालवणची आजी मात्र ‘आमचां’ म्हणताना अजून नाकातून बोलते. ‘पार-लों’मधला ‘लों’ तसाच हवा. शेवटी जीभ टाळूला लागली की ‘लोन’ झालं, आणि ते चूक.

चाकणला फोर्विया, वालेओ अशा फ्रेंच कंपन्या आहेत, तिथं काम मिळावं म्हणून तू ही भाषा घेतलीस. म्हणून माझी एक चूक सांगते. मी एका कारखान्यात नवी असताना फोनवर ऐकलं, ‘इलारीव’, तो येतोय. चिंचवडच्या हॉटेलात एक खोली घेतली. रात्री दारात दोघं उभे. पलीकडचा ‘इल-झा-रीव’ म्हणाला होता, ते येतायत. ‘माझा’मधल्या ‘झ’सारखा तो एक झ मी ऐकलाच नव्हता. अनेकवचन तिथं होतं. शेवटच्या ‘एंत’मध्ये शोधून सापडलं नसतं.

दोन स्वरांमधलं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं. दोन व्यंजनं असली तर बहुधा फुटतात, पण दुसरं र किंवा ल असेल तर जोडी सहसा मोडत नाही: ‘मों-त्रे’. ‘पार-ले’मधली र-लची जोडी मात्र फुटते. हे पाठ करून बसू नकोस. रानडे इन्स्टिट्यूटला जाताना पिंपरी ते शिवाजीनगर मेट्रोत वही पिशवीतच ठेव आणि एकेका तुकड्याला गुडघ्यावर एक बोट टेकव, सगळी सारख्याच वजनानं.

‘आम्ही बोलावतो’चं क्रियापद लिहिताना ‘आप-पे-लों’ असं तीन तुकड्यांचं दिसतं. बोलताना मधला ‘ए’ गळतो, मागच्या ‘नू’चा झ पुढे येऊन चिकटतो आणि होतं ‘नू-झा-प्लों’. बोटं तीनच टेकली पाहिजेत. रविवारी फोन कर, ऐकव मला.

तुझी,
मावशी