सहा गडी, पाच सीड्या

१. लाईट जाणारच, हे धरून चाला. ‘बाल्डर्स गेट’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ १९९८च्या डिसेंबरात आला. आम्ही खेळलो तो त्यानंतर, बेळगावात टिळकवाडीतल्या तासावर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर. खेळ सुरू होतो त्या कँडलकीपमधून बाहेर पडणाऱ्या नव्या जादूगाराचा जीव तो केवढा! रस्त्यात लांडगा चावला की खेळ खलास. लाईट गेली तरी तेच. म्हणून लांडगा दिसो न दिसो, ‘क्यू’ दाबून सेव्ह करायचं.

२. घाईवाल्याला शेजारी बसवू नका. स्पेसबार दाबला की लढाई जागच्या जागी थांबते. आपल्या टोळीतल्या सहाही गड्यांना निवांत हुकूम द्यायचे, मग पुन्हा सुरू. निपाणीचा मावसभाऊ मागं उभा राहून वैतागायचा, “काय करालास रे? मारामारी कुठं दिसंना!” त्याला प्लेस्टेशनची सवय, बटण दाबलं की ठोसा बसला पाहिजे.

३. मशीनची ऐपत आधी बघा. हा खेळ प्लेस्टेशनवर येणार म्हटल्यावर भाऊ खूश. काम रूनक्राफ्ट कंपनीकडे होतं. सेगाच्या ड्रीमकास्ट यंत्रासाठीही घोषणा झाली होती. दोन्ही रद्द. मला नवल वाटलं नाही. खेळाला कॉम्प्युटरवर किमान १६ एमबी मेमरी लागे, प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ एमबी. शिवाय मेमरी कार्ड १२८ केबीचं! इथं सेव्ह म्हणजे कुणाच्या पिशवीत काय, कुठली पेटी उघडली, कोण मेलं, सगळा हिशेब. मूळ खेळच पाच सीड्यांचा. ड्रीमकास्टकडे १६ एमबी होती खरी, पण २००१च्या जानेवारीत सेगानं ते यंत्रच बंद करायचं जाहीर केलं.

४. नाव तेच म्हणून खेळ तोच नव्हे. २००१मध्ये प्लेस्टेशन २वर ‘डार्क अलायन्स’ आला. सहा जणांची टोळी गेली, सपासप तलवार आली. भावाला लई आवडला. खेळ झकास आहे, मीही खेळलो. पण त्याला ‘बाल्डर्स गेट’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

५. वीस वर्षं थांबायची तयारी असेल तर मूळ खेळही येतो. २०१९मध्ये सुधारित आवृत्ती पीएस४, एक्सबॉक्स वन आणि स्विचवर आली.

६. आकडे उलटे वाचा. ‘थॅको’ म्हणजे वार लागण्याचा आकडा, तो जितका कमी तितका नेम पक्का. चिलखताचा आकडा शून्याखाली गेला तर फारच छान. आणि पहिल्याच खेपेला जादूगार घेऊ नका. तगडा लढवय्या घ्या, जादू टोळीतल्या इमोएनला नंतर शिकवता येते.