निजामाच्या काळातलं कव्हर? आधी कड बघा

परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या बाजारात भंगाराच्या गाड्यावर मला एक कव्हर दिसलं. गडद तांबडं, चौफेर सोनेरी वेल, मधोमध कमळ. आत पुस्तक नव्हतं. "निजामाच्या काळातलं आहे, आठशे द्या," गाडीवाला म्हणाला. मी कव्हर उघडलं. आतल्या खिशाला बनवणाऱ्याची कागदी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि पत्त्याच्या शेवटी सहा आकडी पिनकोड. आपल्या देशात पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि निजामाचं राज्य संपलं सप्टेंबर १९४८ मध्ये. पुढे झिजलेला कोपरा बघितला, तर त्यातून विणलेल्या कापडाचे उभे-आडवे धागे डोकावत होते. म्हणजे ते चामडंही नव्हतं, रेक्झिन होतं. कव्हर तिथेच ठेवून मी निघालो.

जुना माल आपल्याकडे निघतो, याला कारण आहे. परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता आणि त्याआधी हैदराबाद संस्थानात. दफ्तराची भाषा उर्दू, घरातली मराठी, आणि शिकलेल्या घरात एखादं इंग्रजी पुस्तक. आता वाडे उतरतात, माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि सगळं वजनावर जातं. त्यात खरोखर जपण्यासारखं काही असतं. पण "निजामाच्या काळातलं" हे शब्द ऐकून पाकीट बाहेर काढायचं नाही.

पहिली तपासणी कडेची. कोपरा किंवा पाठीचा वरचा काठ जिथे फाटला असेल, तिथे मोबाईलचा उजेड पाडा. चामड्याचे तंतू वाळलेल्या मुळ्यांसारखे एकमेकांत गुंतलेले दिसतात. रेक्झिनच्या खाली कापड दिसतं. रेक्झिनवरचे दाणे साच्यातून आलेले असतात, म्हणून तोच नमुना ठरावीक अंतराने पुन्हा येतो. जनावराच्या कातड्याच्या मूळ दाण्यांत तसं होत नाही. शेळीचं कातडं दाणेदार आणि चिवट असतं. मेंढीच्या कातड्याचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. वासराचं गुळगुळीत असतं. कापल्या कडेत निळसर करडी झाक दिसली तर ते क्रोमने कमावलेलं चामडं, आणि ते आपल्याकडे विसाव्या शतकातच रुळलं. दोनशे-अडीचशे रुपयांचं दहापट दाखवणारं भिंग घेतलंत तर हे सगळं स्पष्ट दिसतं. या कामात माझा हाच खर्च सर्वांत सार्थकी लागला.

दुसरी गोष्ट लाल भुकटीची. कव्हर हातात घेतल्यावर बोटांना विटकरी रंगाची पूड लागते आणि विकणारा सांगतो, "बघा किती जुनं आहे." ही पूड म्हणजे वयाचा दाखला नव्हे, कमावणीचा दोष आहे. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांची तरवड उगवते ना, तिच्या सालीने पिढ्यान् पिढ्या कातडी कमावली गेली. चपलेला, पखालीला ते चामडं उत्तम. पण १९०१ च्या सुमारास लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने पुस्तकांची कातडी का कुजतात, याची पाहणी केली, आणि तरवडीने कमावलेली, तिकडे 'पर्शियन' नावाने विकली जाणारी हिंदुस्थानी शेळ्या-मेंढ्यांची कातडी पुस्तकांना अयोग्य ठरवली. हवेतलं गंधकाचं आम्ल या चामड्याला लवकर खातं. म्हणून शंभर वर्षांचं पुस्तक भुगा होतं आणि त्याहून कितीतरी जुनं, चांगलं कमावलेलं कातडं शाबूत राहतं. भुकटी दिसली की भाव वाढवू नका, उतरवा. तिच्यावर खोबरेल किंवा बुटाचं पॉलिश तर अजिबात चोळू नका. तेल कागदात उतरतं, आणि तो डाग परत निघत नाही.

काळ ठरवायचा तो आतल्या पानांवरून. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक १ एप्रिल १९५७ च्या आधीचं धरायला हरकत नाही. 'नवे पैसे' लिहिले असतील तर १९५७ ते १९६४. किमतीपुढे 'हाली' किंवा 'कलदार' दिसलं तर ते पुस्तक आपल्या मुलखात विकलं गेलं होतं: हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. शकात ७८ मिळवा की इसवी सन येतो. संवतातून ५७ वजा करा. उर्दू कागदावर फसली साल असेल तर साधारण ५९० मिळवा, १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. इंग्रजी मुलखात १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण देणं सक्तीचं झालं. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या पुस्तकाला नावाचं पान असूनही छापखान्याचं नाव कुठेच नसेल, तर ते पुन्हा तपासा. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा, तेव्हा त्याचं नाव असलेलं पुस्तक त्याआधीचं असू शकत नाही. मात्र पुस्तकाचं साल आणि कव्हराचं साल एकच असेल असं नाही. जुन्या पुस्तकाला नवं कव्हर आणि नव्याला जुनं, दोन्ही प्रकार चालतात. पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला कागद आणि पुस्तकाचा कागद वेगळे वाटले, किंवा सांध्यात ताजा डिंक दिसला, तर विचारा.

घडणीवरूनही बरंच कळतं. इस्लामी पद्धतीच्या बांधणीत पुठ्ठा पानांच्या कडेशी बरोबर जुळतो, मध्ये बदामी आकाराचा ठसा असतो, आणि कधी डाव्या बाजूने पाकिटासारखी झडप येऊन पानं झाकते. विलायती पद्धतीत पुठ्ठा पानांच्या बाहेर थोडा डोकावतो. कचेऱ्यांच्या आणि शाळांच्या पुस्तकांना नुसती पाठ आणि कोपरे कातड्याचे, बाकी कापड किंवा अबरी कागद. आपल्या पोथ्यांचं वेगळंच: सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या आणि रुमालात बांधलेली. समर्थांचं जांब आपल्याच जालना जिल्ह्यात आहे, दासबोध घरोघरी वाचला गेला, पण पोथीला कातडं लावायची आपली रीत नव्हती. सोनेरी कातड्यातली 'प्राचीन पोथी' कोणी आणली तर पानं उलटून बघितल्याशिवाय बोलणी करू नका.

सुटी नक्षीदार कव्हरं, म्हणजे आत डायरी सरकवायची, ही बहुतेक शांतिनिकेतनच्या पद्धतीची असतात. शांतिनिकेतनजवळचं श्रीनिकेतन १९२२ ला उभं राहिलं, आणि रवींद्रनाथांचा मुलगा रथींद्रनाथ व सून प्रतिमादेवी यांनी तिथे ही चर्मकला रुजवली. सालीने कमावलेलं पातळ कातडं ओलं करून नक्षी उठवतात, मग हाताने रंगवतात. खरं असेल तर उठावाच्या मागच्या बाजूला खळगा लागतो आणि कडा चामड्याच्या वादीने गुंफलेल्या असतात. कोलकात्याला गेलेली माणसं ही कव्हरं भेट म्हणून आणत. सुंदर आहेत, पण फार जुनी क्वचितच.

आता पैशाचं. हे माझे स्वतःचे कमाल आकडे आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नका. रेक्झिनला पन्नास. शांतिनिकेतनी कव्हर, वादी शाबूत असेल तर तीनशे. कातडी पाठीचं पण नाव-सालाचं पान नसलेलं पुस्तक, दोनशे. १९०० च्या आधीचं मराठी पुस्तक, पानं पूर्ण असतील तर हजार ते दोन हजार, आणि तो पैसा कातड्याचा नव्हे, पुस्तकाचा. झडपेची जुनी बांधणी असेल तर उर्दू-फारसी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय मी एक रुपयाही देत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, कोणी लावला तर पावती मागा.

घरी आणल्यावर गुंडाळायला मांजरपाटाचा धुतलेला तुकडा आणि बांधायला सुती नाडी, शंभर रुपयांत भागतं. कव्हर सुटलं असेल तर नाडीने बांधून ठेवा, सेलोटेप नको. नेहमीचा बाइंडर दोन-चारशेत नवं कव्हर घालून देईल, पण जुनं फेकून देईल आणि कडा कापून टाकील. त्याला हे दोन्ही करू नकोस म्हणून आधीच सांगा. खरी चर्मदुरुस्ती पुण्या-मुंबईत होते आणि हजारांत जाते. काम देण्याआधी लेखी अंदाज घ्या.

कायद्याच्या दोन गोष्टी. पंचाहत्तर वर्षांहून जुनं आणि मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. ते परदेशी पाठवता येत नाही आणि त्याच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. हस्तलिखित निघालं तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेला विचारा. हरणाच्या, सापाच्या किंवा वाघाच्या कातड्याचं कव्हर कोणी दाखवलं तर हात लावू नका, वन्यजीव कायद्याने तो व्यवहारच गुन्हा आहे.

आणि ज्यांच्या घरी ट्रंक आहे त्यांना एक विनंती. कव्हराला गिऱ्हाईक मिळालं म्हणून आतलं पुस्तक फाडून रद्दीत घालू नका. विकायचं असेल तर दोन्ही एकत्र विका, आणि पहिल्या पानावर आजोबांची सही, गाव, साल असेल तर ते पान आधी मोबाईलमध्ये टिपून ठेवा.