गौतमांनी मागितलेली क्षमा

चि. बाळ,

तुझं पत्र मिळालं. हाताखालच्या कारकुनानं भर बैठकीत तुझा आकडा चुकला म्हणून सांगितलं, तू त्याला गप्प केलंस, आणि संध्याकाळी फाइल उघडलीस तर त्याचंच बरोबर निघालं. आता विषय काढला तर वचक जाईल, असं तू लिहितोस. मला हे मुळीच पटलेलं नाही. का, ते एका जुन्या गोष्टीतून सांगते.

वर्धमान महावीर म्हटलं की आपण त्यांची तपश्चर्या आठवतो. तिसाव्या वर्षी घर सोडलं, बारा वर्षांहून अधिक साधना केली, लाढ देशात लोकांनी अंगावर कुत्री सोडली तीही सोसली. पण मला ते सर्वांत मोठे वाटतात ते आपल्या पट्टशिष्याशी वागले त्या एका प्रसंगात.

हा शिष्य म्हणजे इंद्रभूती गौतम. मगधातला वेदपारंगत ब्राह्मण, स्वतः पाचशे शिष्यांचा गुरू. महावीरांशी वाद घालायला आला आणि त्यांचा पहिला गणधर, म्हणजे प्रमुख शिष्य झाला. त्याची ही गोष्ट श्वेतांबर जैनांच्या उपासकदशांग या आगमग्रंथात आहे.

वाणिज्यग्रामचा आनंद हा कोट्यधीश गृहस्थ. चाळीस हजार गाई त्याच्या पदरी होत्या. उतारवयात कारभार थोरल्या मुलावर सोपवून तो व्रतस्थांच्या पौषधशाळेत राहू लागला आणि शेवटी त्यानं सल्लेखना, म्हणजे आमरण उपासाचं व्रत घेतलं. भिक्षेला निघालेले गौतम त्याला भेटायला गेले. उपासानं देह इतका खंगला होता की आनंदाला उठवेना. ‘आपणच जवळ या,’ अशी त्यानं विनंती केली आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं. मग म्हणाला, मला अवधिज्ञान, म्हणजे इंद्रियांपलीकडचं पाहण्याचं ज्ञान झालंय, दूर समुद्रापर्यंतचं दिसतंय. गौतम म्हणाले, गृहस्थाला इतक्या दूरचं दिसणं शक्य नाही, या बोलण्याचं प्रायश्चित्त घे. आनंदानं शांतपणे विचारलं, खरं बोलल्याबद्दल प्रायश्चित्त असतं का? नसेल, तर ते आपणच घ्यायला हवं.

गौतमांच्या मनात शंका आली. ते महावीरांकडे गेले. पहिल्या गणधरानं एका गृहस्थापुढे नमायचं म्हणजे संघाची शोभा होईल, असा विचार महावीरांनी केला नाही. आनंद खरं बोलतोय, तू प्रायश्चित्त घे आणि त्याची क्षमा माग, एवढंच सांगितलं. गौतम त्याच पावली परत गेले आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाची त्यांनी क्षमा मागितली.

पुढे समंतभद्र, सिद्धसेन यांच्यासारख्या आचार्यांनी अनेकांतवाद तर्कानं मांडला. तो तू कॉलेजात वाचला असशील. आपल्याला दिसतं त्यापलीकडचं दुसऱ्याला दिसू शकतं, हे त्यातलं मर्म गौतमांनी त्या दिवशी स्वतः आचरून दाखवलं. पर्युषणात क्षमायाचनेचं ‘मिच्छामि दुक्कडम्’ सरसकट सगळ्यांना पाठवणं सोपं असतं. ज्याला दुखावलं त्याच्या पुढ्यात उभं राहणं अवघड, आणि खरी क्षमा तीच.

वचकाचं म्हणशील, तर गौतमांचा मान तसूभरही घटला नाही. आजही दिवाळीला कित्येक जैन व्यापारी नव्या चोपडीत गौतमस्वामींचं नाव लिहितात.

तेव्हा सोमवारी त्या कारकुनाला केबिनमध्ये बोलावू नकोस. तूच त्याच्या टेबलाशी जा. आणि जशा भर बैठकीत त्याला गप्प केलंस, तशाच बैठकीत, सर्वांदेखत सांग की आकडा त्याचा बरोबर होता.

तुझी,
मावशी