'लो मेंटेनन्स' कुत्रा कोणता?

कुत्रा हा माणसाचा इमानी मित्र आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या निबंधात लिहिलेले आहे. पण हा मित्र निवडायचा कसा, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. आमच्या विंगमध्ये महिन्यातून एकदा तरी कोणीतरी जाहीर करतो, "जॉब लागला की पहिल्या पगारात हस्की घेणार!" का, तर डोळे निळे असतात. एवढ्या रिसर्चवर आपण मोबाईलसुद्धा घेत नाही! म्हणून हा लेख.

मटेरियल सिलेक्शन शिकताना सर पहिला प्रश्न विचारतात, "पार्ट वापरणार कुठे?" कुत्र्याचेही तसेच आहे. सांभाळायला सोपी अशी एकच जात नसते. आपले हवामान, जागा आणि वेळ यांच्याशी जी जमते, ती सोपी.

१) हवामान : कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातल्या पाण्याची वाफ होऊन शरीर थंड होते. म्हणजे नाक-तोंड हाच त्याचा रेडिएटर! आता पग बघा. २००३ च्या हचच्या जाहिरातीने तो आपल्याकडे घराघरात पोचला. दिसतो गोड, पण चपट्या नाकामुळे त्याचा रेडिएटरच लहान. उन्हाळ्यात त्याला श्वास घेणे जड जाते, शिवाय चेहऱ्याच्या घड्या रोज पुसाव्या लागतात. हस्की हा सायबेरियात बर्फावर गाड्या ओढणारा कुत्रा. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा भर बर्फातून औषध पोचवले ते अशाच स्लेजच्या कुत्र्यांनी. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. नागपूरच्या मे महिन्यात त्याचे काय होत असेल, विचार करा.

२) केस : पामेरियन म्हणून आपल्याकडे जो पांढरा कुत्रा दिसतो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. 'हम आपके हैं कौन' (१९९४) मधला टफी आठवतो ना, तोच! लहान आहे, फ्लॅटमध्ये राहतो, आपली हवा बऱ्यापैकी सोसतो. पण केस वरचेवर विंचरावे लागतात, आणि बेल वाजली की तो सोसायटी डोक्यावर घेतो.

३) व्यायाम आणि खाणे : लॅब्रॅडोर स्वभावाने छान, मुलांशी पटकन जमते. पण घरभर केस गळतात आणि भूक म्हणाल तर आपल्या मेसच्या फीस्टच्या दिवसासारखी, तीही रोज! याला कारण आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जीनमध्ये बिघाड असतो. त्यामुळे मोजून खायला द्या आणि रोज फिरवा, नाहीतर वजन वाढून सांधे जातात. आपला कारवानी किंवा मुधोळ हाउंड दिसायला सडपातळ, केस आखूड, उन्हाला पक्का. २००५ साली पोस्टाने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यात मुधोळ होता. पण तो मुळात शिकारी, पळायला जन्मलेला. शेत असेल तर त्याच्यासारखा कुत्रा नाही. वन बीएचकेत मात्र त्याला कोंडून ठेवल्यासारखे होईल.

४) आपला गावठी : एवढे वाचल्यावर तुमच्या लक्षात आलेच असेल, मी कुठे येतोय ते. आखूड केस, लांब नाक, मध्यम बांधा. हा कोणी डिझाइन केलेला नाही. आपल्याच ऊन-पावसात हजारो वर्षे टेस्टिंग झालेले मॉडेल आहे. आंघोळ महिन्यातून एकदा घातली तरी चालते. ठरावीक जातीतच संकर करत राहिल्याने येणारे बरेच आनुवंशिक आजार त्याच्यात कमी दिसतात. आणि किंमत शून्य! लोक "गावठी आहे" असे नाक मुरडून म्हणतात, पण आपणही बहुतेक जण गावाकडूनच आलोय की.

मात्र 'लो मेंटेनन्स' म्हणजे 'नो मेंटेनन्स' नव्हे. गावठी पिल्लालाही सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरच्या लशी, पुढचे बूस्टर आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस लागतेच. जंताचे औषध द्यायचे, पावसाळ्यात कानामागे, बोटांच्या मधे गोचीड तपासायचे, नसबंदी करायची. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषारी. शिजवलेल्या कोंबडीची हाडे आत तुटून टोचतात. तेव्हा मेसमधले उरलेले देण्याआधी ताटात काय आहे ते बघा. आणि कुत्रा चावला, साधा ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून लगेच दवाखाना गाठा. रेबीज एकदा झाला की जवळजवळ उपाय नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. डिग्री चार वर्षांची, कुत्रा बारा-चौदा वर्षांचा. फर्स्ट इयरला हौसेने पिल्लू आणायचे, फायनलला प्लेसमेंट झाली की गेटवर सोडून बंगलोरची गाडी पकडायची, असे करू नका. कुठला कुत्रा गेटबाहेर एकटा बसलेला दिसला, तर त्याला यातले काहीच कळलेले नसते, तो फक्त वाट बघत असतो. माणसांच्या हातून वाढलेल्या त्या कुत्र्याला अचानक रस्त्यावर जगता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे सोपे आहे. आत्ता हॉस्टेलमध्ये असताना कुत्रा घेऊ नका. कॅम्पसमधल्या कुत्र्यांच्या लशीसाठी वर्गणी काढा, उन्हाळ्यात पाण्याचे भांडे भरून ठेवा. ज्याच्या कानाला लहानसा काप दिसेल त्याची नसबंदी झालेली आहे, बाकीच्यांसाठी नगरपालिकेला अर्ज द्या. पुढे स्वतःचे घर, ठरलेली वेळ आणि घरच्यांचा होकार, या तिन्ही गोष्टी जमल्या की एक गावठी पिल्लू घरी आणा. मग डोळे निळे नसले तरी चालतील.