मज्जेंतील मूलपेशी व तिच्या दारावरील ग्राही

पावसाळ्यांत डेंग्यूची सांथ आली कीं, ‘प्लेटलेट किती उतरल्या?’ हा प्रश्न घरोघरीं ऐकूं येतो. पण या प्लेटलेट शरीरांत कोठें उत्पन्न होतात, व किती व्हाव्या हें कोण ठरवितें, याचा विचार आपण क्वचितच करतों. विद्यार्थिमित्रांनीं तो करावा, म्हणून हा लहानसा पाठ आम्ही लिहीत आहों.

हाडांच्या पोकळींतील मज्जेंत रक्ताच्या मूलपेशी असतात. मूलपेशीपासून तिच्यासारखीच दुसरी मूलपेशी होते, तशाच तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व प्लेटलेटहि होतात. टोरांटो येथील टिल व मॅक्‌कुलक यांनीं १९६१ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं या पेशींच्या अस्तित्वाचा पुरावा दिला. प्रौढ मनुष्याच्या मज्जेंत दररोज सुमारें २०,००० कोटि नुसत्या तांबड्या पेशीच तयार होतात. एवढा व्यवहार बेहिशेबी चालून कसें भागेल?

थ्रॉम्बोपोइटिन नांवाचें प्रथिन मुख्यत्वें यकृतांत तयार होऊन रक्तावाटे मज्जेस पोंचतें. तें पेशींत शिरून आज्ञा देत नाहीं. मूलपेशीच्या आवरणांत एम्‌पीएल् नांवाचे ग्राही आरपार बसलेले असतात. त्यांचें एक टोंक बाहेर व दुसरें आंत. थ्रॉम्बोपोइटिनचा रेणु दोन ग्राहींस एकत्र जोडतो. त्यामुळें त्यांच्या आंतल्या टोंकांस चिकटलेले जॅक-२ नांवाचे दोन विकर समोरासमोर येतात व एकमेकांवर फॉस्फेट चढवून जागृत होतात. ते पुढें स्टॅट नांवाच्या प्रथिनांवरहि फॉस्फेट चढवितात. हीं प्रथिनें जोडीनें केंद्रकांत जाऊन ठराविक जनुकें चालू करतात. या निरोपानें मूलपेशी टिकून राहते, आणि प्लेटलेट घडविणाऱ्या पेशी वाढीस लागतात.

आतां हिशेब पाहा. प्लेटलेटांच्या अंगावरहि हेच ग्राही असतात. प्लेटलेट पुष्कळ असल्या म्हणजे त्या थ्रॉम्बोपोइटिन शोषून घेतात व मज्जेस थोडेंच पोंचतें. त्या घटल्या म्हणजे अधिक पोंचतें. मागणीनुसार पुरवठा होतो तो असा.

ही व्यवस्था दोन तऱ्हांनीं बिघडते. जॅक-२ च्या ६१७ व्या स्थानीं एक घटक बदलला तर निरोप आला नसतांहि विकर जागाच राहतो व रक्तपेशी बेसुमार वाढतात. हा दोष २००५ सालीं उघडकीस आला. उलट, कांहीं बालकांत जन्मतःच एम्‌पीएल् ग्राही निकामी असतो. प्रथम त्यांच्या प्लेटलेट फार कमी असतात. पुढें निरोपावांचून मूलपेशीच संपत जाऊन सर्वच रक्तपेशींचा तुटवडा पडतो. मग दुसऱ्याच्या निरोगी मूलपेशी देणें हाच कायमचा उपाय होय. सख्खें भावंड पूर्णपणें जुळण्याचा संभव चारांत एक. तेथें न जुळल्यास परक्याकडे पाहावें लागतें.

म्हणून पालकांनीं मज्जादानास भिऊं नये, व मुलांनीं मोठेपणीं तें स्मरावें, इतकेंच आमचें मागणें आहे.