एकाच तक्त्यातील ओळींची तुलना



एसक्यूएल ही तक्त्यातील माहितीला प्रश्न विचारण्याची भाषा आहे. तिच्यात दोन तक्ते जोडता येतात, हे तुम्हांस ठाऊक आहे. पण तुलना करायच्या दोन्ही ओळी एकाच तक्त्यात असतील तर? उदाहरणासाठी आपल्या भागाच्या जनगणनेचा तक्ता घेऊ. नाव 'जनगणना', रकाने तीन: जिल्हा, वर्ष, लोकसंख्या.

बीदर, २००१, १५,०२,३७३
बीदर, २०११, १७,०३,३००
गुलबर्गा, २००१, ३१,३०,९२२
गुलबर्गा, २०११, २५,६६,३२६
यादगीर, २०११, ११,७४,२७१

दहा वर्षांत किती वाढ झाली? युक्ती सोपी आहे. तोच तक्ता दोनदा घ्यावा व त्याला दोन टोपणनावे द्यावीत: 'जुना' आणि 'नवा'. यास सेल्फ जॉइन म्हणतात. आज्ञेतील शब्द संगणकावर इंग्रजी अक्षरांत टंकावेत:

सिलेक्ट नवा.जिल्हा, नवा.लोकसंख्या - जुना.लोकसंख्या
फ्रॉम जनगणना जुना जॉइन जनगणना नवा
ऑन जुना.जिल्हा = नवा.जिल्हा
व्हेअर जुना.वर्ष = २००१ अँड नवा.वर्ष = २०११

वर्षाची अट गाळली तर प्रत्येक ओळ स्वतःशीच जुळते आणि एकच जोडी उलटसुलट दोनदा येते.

उत्तर येते: बीदर, वाढ २,००,९२७. गुलबर्गा, घट ५,६४,५९६! एवढी माणसे गेली कुठे? कुठेही नाही. २०११ च्या गणनेपूर्वी यादगीर वेगळा जिल्हा झाला. दोघांची बेरीज ३७,४०,५९७ होते, म्हणजे प्रत्यक्षात ६,०९,६७५ ची वाढ झाली. यादगीरला २००१ ची जोडीदार ओळ नाही, म्हणून साध्या जॉइनमध्ये ती ओळ निमूटपणे गळाली. 'नवा' डावीकडे ठेवून लेफ्ट जॉइन केला आणि २००१ ची अट व्हेअरऐवजी ऑनमध्ये लिहिली, तर ती रिकाम्या जागेसह दिसते व आपण सावध होतो.

दुसरी दक्षता नावाची. २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुरगी झाले. पुढील गणनेची ओळ नव्या नावाने भरली तर संगणक त्यांस दोन जिल्हे समजेल. म्हणून नावाऐवजी न बदलणारा क्रमांक जुळवावा. शाळेत एकाच नावाची दोन मुले असतात. तेथेही गुणांची तुलना दाखल क्रमांकावरूनच करावी.

पालक व विश्वस्त मंडळींनाही आमचे हेच सांगणे आहे: दोन आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी ते एकाच गोष्टीचे आहेत ना, हे पाहावे. संगणक वजाबाकी चुकत नाही. पण काय वजा करायचे, हे आपणच ठरवतो.

स्वाध्याय: ज्या जिल्ह्यांना २००१ ची ओळ नाही, तेवढेच दाखवणारी आज्ञा लिहा.