एव्हीआय फाइली जपताना

एव्हीआय हे चलच्चित्राच्या फाइलचे स्वरूप मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९९२ मध्ये ‘व्हिडिओ फॉर विंडोज’सोबत आणले. त्याचा सांगाडा आहे ‘रिफ’ या सर्वसाधारण रचनेचा. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने १९९१ मध्ये मांडलेली ही रचना इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या १९८५ सालच्या आयएफएफवर बेतलेली होती. आवाजाची डब्ल्यूएव्ही फाइलही याच घराण्यातली. रिफ फाइल तुकड्यातुकड्यांनी बनते. प्रत्येक तुकड्यात आधी चार अक्षरांची खूण, मग चार बाइटांत लांबी, मग तेवढा मजकूर. मजकूर विषम लांबीचा निघाला तर शेवटी भरीचा एक बाइट. एखादी खूण ओळखीची नसली, तरी लांबी पाहून सॉफ्टवेअरला तो तुकडा ओलांडता येतो. तीस वर्षांपूर्वीच्या फाइली आजही उघडतात, त्याचे बरेचसे श्रेय या साधेपणाला जाते.

फसगत होते ती आतल्या मालाबाबत. नावाला एव्हीआय असलेल्या फाइलींत चित्र दाबण्या-उलगडण्याची पद्धत, म्हणजे कोडेक, वेगवेगळे असते: एकीत सिनेपॅक, दुसरीत इंडिओ, तिसरीत डीव्ही किंवा मोशन जेपेग असू शकते. जुन्या सीडीवरच्या कार्यक्रमाचा आवाज ऐकू येतो आणि पडदा मात्र काळाच राहतो, हा घरोघरचा अनुभव यातूनच येतो. इंडिओचे उदाहरण तर बोलके आहे. डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून जुन्या विंडोजमधल्या मीडिया प्लेयरला इंडिओ वापरण्याची वाट बंद केली. फाइली जशाच्या तशा होत्या, पण त्या प्लेयरमध्ये दिसेनाशा झाल्या. त्यामुळे संग्रहाच्या यादीत ‘एव्हीआय’ एवढीच नोंद पुरत नाही. मीडियाइन्फोसारख्या साधनाने कोडेक, चौकटीचा आकार, दर सेकंदाच्या चौकटी आणि आवाजाचा प्रकार काढून लिहून ठेवावा लागतो.

दुसरी अडचण लांबीची. चार बाइटांत मावणारी मोठ्यात मोठी संख्या ४ जीबीच्या आसपास थांबते. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असे ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्हीमध्ये दोन तास चार मिनिटांत ही हद्द गाठते. रंगलेली मैफल त्यापुढे सहज जाते. म्हणून आरएफ६४ हे विस्तारित रूप आले. एव्हीआयची सोय १९९६ च्या ओपनडीएमएल विस्ताराने झाली. तिसरी अडचण अनुक्रमणिकेची, म्हणजे कोणती चौकट फाइलमध्ये कुठे आहे या यादीची. मूळ एव्हीआयमध्ये ती फाइलच्या अगदी शेवटी लिहिली जाते. मुद्रण चालू असताना वीज गेली तर ती लिहायचीच राहते, आणि आतले चित्र शाबूत असूनही फाइल उघडत नाही. अशी फाइल खराब समजून पुसू नये. तिची प्रत काढून त्या प्रतीवर अनुक्रमणिका नव्याने बांधता येते.

सर्वाधिक नुकसान ‘जागा वाचवण्यासाठी एमपी४ करून टाका’ या सल्ल्याने होते. मिनी-डीव्ही टेपवरून उतरवलेली फाइल तासाला साधारण १३ जीबी जागा खाते, त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे. पण डीव्हीच्या प्रत्येक चौकटीसोबत टाइमकोड असतो आणि कॅमेऱ्याचे घड्याळ लावलेले असल्यास चित्रणाची तारीख-वेळही. लग्न नेमके कधीचे, हळद आधी की वरात, हे त्यावरून कळते. नव्याने दाबलेल्या प्रतीत हा तपशील सहसा उरत नाही. चित्राचा दर्जा घटतो तो वेगळाच. पाहण्यासाठी एमपी४ जरूर करावी, पण मूळ फाइल ठेवूनच.

कोडेकच मरणपंथाला लागले असेल, तर चित्र उलगडून एफएफव्ही१ या तोटाविरहित कोडेकमध्ये, मात्रोस्का या कंटेनरमध्ये (चित्र आणि आवाज एकत्र ठेवणाऱ्या फाइल-स्वरूपात) ठेवणे हा आजचा चांगला पर्याय. दोन्हींचे तपशील खुले आहेत: एफएफव्ही१ चे २०२१ मध्ये, मात्रोस्काचे २०२४ मध्ये आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेतला दस्तऐवज, म्हणून प्रसिद्ध झाले. एफएफव्ही१ च्या तिसऱ्या आवृत्तीत चौकटीच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र तपासणी-अंक देता येतो. बिघाड झालाच तर तो कुठे, हे समजते. बदलाच्या आधी आणि नंतर उलगडलेल्या प्रत्येक चौकटीचे एमडी५ तपासणी-अंक काढून जुळवावेत. मूळ फाइल तरीही टाकू नये. नवी प्रत चुकीच्या प्रमाणात ताणलेली आहे किंवा आवाज मागे पडतो आहे, हे कधी कधी फार उशिरा ध्यानात येते.

राहता राहिली नावनिशी. रिफमध्ये शीर्षक आणि कर्त्यासाठी जागा आहे, पण तिथली अक्षरे कोणत्या संकेतात आहेत हे बहुधा नोंदवलेलेच नसते. देवनागरीत भरलेले नाव दुसऱ्या संगणकावर प्रश्नचिन्हांची रांग होऊन येते. कार्यक्रम, ठिकाण, कलाकार आणि मूळ टेपवरचा मजकूर शेजारी वेगळ्या युनिकोड मजकूर-फाइलीत लिहावा, आणि चित्राची व मजकुराची अशा दोन्ही फाइलींचे तपासणी-अंक त्याच फोल्डरमध्ये ठेवावेत.